पोचट वर, भरीव खाली

(चांदे. कोंडिबा पुण्याच्या दवाखान्यातून नुकताच परतलाय. ओट्यावर त्याची बायको गोजराबाई पिशवी रिकामी करतेय.)

कोंडिबा : कुनाला सांगितलं तर खरं वाटायचं न्हाई, गोजरे, पर आज त्या डॉक्टरनं माज्याम्होरं हात टेकलं!

गोजराबाई : ते ऱ्हाऊ द्या. पोराचं काय म्हनला? ह्या वयात व्हईल का?

कोंडिबा : न व्हायला काय झालं? पंचावन्न वर्साचं जुनं बी, तवा आदी निवडायचं म्हनला. नळीत खाली बी, वर औषधाचं पानी. जे पवत वर येतं ते दमदार. तेवढंच घ्यायचं.

गोजराबाई : बरं, मग?

कोंडिबा : म्या म्हनलं, डॉक्टर, भात कधी पेरलाय का? मिठाच्या पान्यात बी टाकलं की पोचट वर तरंगतं, भरीव तळाला बसतं. वरचं घेऊन माज्या घरात पोचट पोरगं घालताय व्हय?

गोजराबाई : अगं बाई! असं बोललासा?

कोंडिबा : तोंडावर! त्यो घामाघूम. म्हनला, दुसरी रीत हाय कोंडिबा. यंत्रात गरागरा फिरवायचं, भरीव असंल ते तळाला बसतंय. म्या म्हनलं, हां, आता कसं मान्सावानी बोललास!

गोजराबाई : अन् तुमचं? निगालं का काई भरीव?

कोंडिबा : दुर्बिनीतनं दावलं की! चढनीच्या माशावानी उसळत हुतं. एक गडी तर मागं फिरून दमलेल्याला हात देत हुता.

गोजराबाई : त्येला हात कुटला आला?

कोंडिबा : …शेपूट दिली असंल. अगं, नळीचं बूच उडालं! नर्स किंचाळली!

गोजराबाई : बूच उडालं.

कोंडिबा : देवाशपथ!

गोजराबाई : मग ही तुमच्या नावाची डबी पिशवीत कशी? झाकन बी उघडल्यालं न्हाई. लबाड बोलताय. तुमी काई दिलंच न्हाई. बोला की. हितं मी देव पान्यात घालून बसलीय.

कोंडिबा : तितं समदी हिंजवडीच्या कंपनीतली तरनी पोरं, म्हातारा मी एकलाच. त्यात डबी द्यायला आलेली नर्स आपल्या वळखीच्या मारुंजीच्या रत्नाबाईची लेक निगाली. "मामा, च्या घेता का?" म्हनली. म्या डबी पिशवीत घातली, च्या प्यालो अन् येष्टी धरली.

गोजराबाई : उद्या मी येते संगं. तिला बोलन्यात गुतवते, तुमी आत जावा. आदी बी तर द्या, मालक. वरचं का खालचं, ते डॉक्टर बघंल.