नऊ टाके

गोलनार: नाही हो, चित्राचं फाटलेलं कापड सुरेख सांधलंत. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळत नाही. मी त्याबद्दल बोलतच नाहीये, उस्ता. मी या रेघेबद्दल विचारतेय.

उस्ता: ही होय? ती तुटली होती.

गोलनार: तुटली नव्हती.

उस्ता: पोरी, चाळीस वर्षं गालिचे रफू करतोय मी. उजव्या कोपऱ्यातून रेघ निघते, उतरत उतरत येते आणि मधेच गायब. वीतभर खाली पुन्हा त्याच रंगाचा एवढासा तुकडा. याचा अर्थ काय? मधलं कसरीनं खाल्लं.

गोलनार: चित्राला कसर लागत नाही!

मलाहत: आधी चहा घे बाई. ओरडायचंच असेल तर घसा ओला करून ओरड.

गोलनार: मी ओरडत नाहीये, मलाहत खानम.

मलाहत: मग शेजारच्या दुकानातून हाजी डोकावून का गेला?

उस्ता: तुम्ही सांगितलं नव्हतंत, ते मी आपणहून केलं. म्हटलं, फाटकं सांधतोच आहोत तर हेही जोडून द्यावं. चांगल्या घरची पोर, उद्या चारचौघांत मांडणार.

गोलनार: उद्या शुक्रवार आहे. चार वाजता प्रदर्शन उघडतंय. माझं एकटीचं पहिलंच. दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर हेच चित्र. बाकीची दहा याच्या आधारानं लावलीयत. आणि आज दीड वाजता टेम्पो येतोय.

उस्ता: मग नेऊन लावा. रेघ पूर्ण आहे आता.

गोलनार: तेच तर! ती पूर्ण असायचीच नव्हती!

उस्ता: हे चित्र कशाचं आहे ते आधी सांगितलं असतंत तर मी चुकलो नसतो.

गोलनार: कशाचंच नाही.

उस्ता: ऐकलंस का गं? कशाचंच नाही म्हणे. कशाचंच नसेल तर चूक कशी काय झाली? मग काहीही चालायला हवं.

गोलनार: तुमच्या मागे जो गालिचा टांगलाय, त्याच्या मधोमध ते मोठं फूल आहे. ते कुठल्या झाडाचं?

उस्ता: कुठल्याच नाही. ते तसंच असतं.

गोलनार: मग त्याची एक पाकळी कमी विणली तर चालेल?

मलाहत: घ्या!

उस्ता: तू चहा ओत.

मलाहत: ओतलाय. तुमचाच निवतोय. गोलनार, साखरेचा खडा दातात धर, नुसता कडू लागेल. एक विचारू? राग मानू नकोस. मी लग्नाआधी ज्या बाईंकडे शिवण शिकायला जायचे ना, त्यांच्या दिवाणखान्यात असलंच एक होतं. काळं आणि पिवळं. पन्नास वर्षं झाली असतील. मला वाटलं, ते सगळं त्या काळच्या टोप्यांबरोबर गेलं. अजून काढतं का कुणी?

गोलनार: माझ्या ओळखीचे माझ्या वयाचेच तीस-पस्तीस जण काढतात. उद्या आमच्या त्या एका रस्त्यावर तीन प्रदर्शनं उघडतायत. त्यातली दोन अशीच, कशाचीच नसलेली.

मलाहत: आणि बघायला येतात लोक?

गोलनार: मिठाईचे खोके घेऊन येतात. उभं राहायला जागा नसते. काही फक्त एकमेकांना बघायला येतात, ते सोडा. पण एखादा कोपऱ्यात अर्धा तास एकाच चित्रासमोर उभा असतो.

उस्ता: काय बघतो?

गोलनार: तुम्ही काय बघितलंत? रेघ तुटलीय, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

उस्ता: हं.

गोलनार: उस्ता, मी भांडायला आले नाही. तुमचे आभारच आहेत, तुमचे हात कधी दुखू नयेत. पण ते टाके काढा. सगळे.

उस्ता: काढतो, खानम. तुमचं चित्र, तुमची मर्जी.

मलाहत: झालं. ‘पोरी’चं ‘खानम’ झालं म्हणजे रुसले.

उस्ता: रुसलो नाही. चष्मा दे.

गोलनार: भोकं राहतील का?

उस्ता: राहिली असती, तुम्ही इतरांसारखा रंगाचा जाड लेप दिला असता तर. तुमचा रंग कापडात मुरलाय, वर थर नाही. मी सुई दोन सुतांच्या मधून घातलीय, सूत कुठंही टोचलेलं नाही. मागून नखानं घासलं की मिटेल. बासष्ट टाके आहेत. खालच्या तुकड्याकडून उसवत वर येतो.

मलाहत: त्या रेशमाचा रंग जुळवायला मला अख्खी सकाळ लागली. मंजिष्ठेत रंगवलेले तीन छटांचे धागे पिळून एक केलेयत. तुझी रेघ वर तांबूस आणि खाली येता येता तपकिरी होते, ठाऊक आहे ना तुला?

गोलनार: होते. ब्रशमधला रंग संपत आला होता.

मलाहत: तसंच रेशीम बदलत नेलंय मी. तुटलीय असं मी नाही म्हटलं, मी नुसता रंग बघितला.

उस्ता: दहा गेले. एक सांगा खानम, रागावू नका. ती तिथंच का थांबवलीत?

गोलनार: म्हणजे?

उस्ता: साधं विचारतोय. बोटभर वर का नाही? बोटभर खाली का नाही?

गोलनार: ती... तिथं ती रिकाम्या जागेला वाट देते. मी तसं लिहिलंय प्रदर्शनाच्या पत्रकात.

उस्ता: पत्रकात लिहिलंय. बरं. वीस गेले.

गोलनार: तुम्हाला पटलं नाही.

उस्ता: मला कुठं कळतं. पण माझी आई नक्षीचा कागद न घेता विणायची. मध्येच रंग थांबवायची, बाजूचा सुरू करायची. तिच्या गालिच्यात थांबलेली रेघ मी पुष्कळ बघितलीय. ती थांबलेली दिसते. तुमची तुटलेली दिसली. म्हणून तर जोडली ना मी! उगीच कशाला हात लावीन?

मलाहत: काय झालं गं?

गोलनार: सांगते. कुणाला सांगितलं नाही अजून. मी कापड गच्चीवर अंथरून काढते. त्यावर पाय ठेवायचा नाही, म्हणून कडेला गुडघे टेकून ती रेघ काढली, एका दमात. हात तिथपर्यंतच पोचला.

उस्ता: म्हणजे रेघ संपली नव्हती. हात संपला होता.

गोलनार: मग मी पलीकडून जाऊन तो खालचा तुकडा काढला, जोडून घेईन म्हणून. आणि मैत्रीण वर आली, म्हणाली, थांब, हात लावू नकोस, असंच सुंदर आहे. आणि मी थांबले. चार महिने झाले. रोज बघते आणि रोज काहीतरी टोचतं. मग मी पत्रक लिहिलं.

मलाहत: अगं बाई.

उस्ता: चाळीस गेले. काढत राहू, पोरी?

गोलनार: काढा. मी इथंच, समोर उभी राहते. हळू काढा.

उस्ता: पंचेचाळीस. सेहेचाळीस.

गोलनार: अजून.

उस्ता: पन्नास. एक्कावन्न. बावन्न. त्रेपन्न...

गोलनार: थांबा!

उस्ता: थांबलोच होतो मी.

(गोलनार दोन पावलं मागे जाते. मलाहत हातातला पेला खाली ठेवते.)

गोलनार: अजून एक काढून बघा.

उस्ता: काढला.

गोलनार: नाही. परत घाला तो.

उस्ता: घालतो. नऊ राहिले. करंगळीएवढे.

गोलनार: पण मी फसत असेन. तुम्ही थांबलात म्हणून मला तसं वाटलं असेल. मलाहत खानम, मी पाठ करून उभी राहते. तो साखरेच्या डब्याचा खोका फाडा. कधी त्या पुठ्ठ्यानं नऊ टाके झाका, कधी टाक्यांच्या खाली नुसताच धरा. क्रम मला सांगू नका. मी वळून लांबूनच बघेन. रेघ तुटलीय की थांबलीय, एवढंच सांगेन.

उस्ता: हे काय आता?

मलाहत: परीक्षा आहे. मला कळलं. वळ.

गोलनार: तुटलीय.

मलाहत: हं. वळ. आता?

गोलनार: तुटलीय.

मलाहत: आता?

गोलनार: थांबलीय.

मलाहत: आता?

गोलनार: थांबलीय. थांबलीय, मलाहत खानम. पाठ करून उभी आहे तरी मला ती दिसतेय.

मलाहत: पहिल्या दोन्ही वेळा झाकले होते. नंतर दोन्ही वेळा उघडे. चारही बरोबर.

उस्ता: मग खालचा तो तुकडा?

गोलनार: तो राहू दे. आता दोघांच्या मधे जागा आहे, भगदाड नाही.

उस्ता: मागून गाठ मारतो. मारू ना? गाठ मारली की मग काढायला सांगू नका.

गोलनार: मारा. खालची भोकं नखानं मी मिटवते. आणि मला एक पेन द्या. चित्राखालच्या चिठ्ठीवर ‘कापडावर रंग’ असं छापलंय, तिथं ‘आणि रेशीम’ लिहायला हवं. आणि तुमचं नाव.

उस्ता: माझं नाव मुळीच नको. रफूगाराचं नाव लोकांना कळलं म्हणजे त्याचं काम कच्चं.

मलाहत: माझं लिही. मी रफू केला नाही, रंग जुळवलाय. मलाहत, काना नीट दे.

उस्ता: बघ, पन्नास वर्षांनी हिला दिवाणखाना मिळाला.

मलाहत: उद्या मी येणार. मिठाई काय आणू? तांदळाच्या पिठाच्या त्या पिवळ्या वड्या आणते, वेलदोड्याच्या. चुरा होतो, पण तुमच्याकडे गर्दीत कोण बघतंय.

गोलनार: दोघंही या. चार वाजता. उस्ता, तुम्हीसुद्धा.

उस्ता: मी त्या लोकांत काय करू? कुणी मला विचारलं, हे चित्र कशाचं आहे, तर?

मलाहत: तर गप्प राहायचं. जमेल?

उस्ता: नाही जमणार. सांगेन त्याला. म्हणेन, एक रेघ वरून येते आणि इथं थांबते.

गोलनार: एवढंच?

उस्ता: आणि म्हणेन, चाळीस वर्षं हेच करतोय, माझ्यावर विश्वास ठेवा. तुटलेली नाही.