कलेक्टरची मान

...आणि सगळी रात्र डोळ्याला डोळा नाही हो, आणि ते कशापायी म्हणाल तर एका कोंबडीच्या मानेपायी! हसू नका. गळ्यात लिंग बांधलेली लिंगायत माणसं आम्ही, माहेरी-सासरी सात पिढ्यांत कुणी अंडं हातात धरलेलं नाही, आणि मी पडल्या पडल्या विचार काय करतेय, तर हिची मान सकाळी सरळ झाली नाही तर अंबीला तोंड काय दाखवू? कारण मी शब्द देऊन बसले होते. माझ्या पाच वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, की कलेक्टर मरणार नाही, मी बरी करते तिला. असा शब्द डॉक्टर तरी देतो का? आणि मी शिकलेली बाई हो, बी.ए. झालेली!

हां, कलेक्टर म्हणजे कोंबडी. थांबा, मुळातून सांगते, नाहीतर तुम्हीही भलतंच समजाल, आमच्या गल्लीनं समजलंच होतं.

आपला लातूर जिल्हा झाला ना, तेव्हा उस्मानाबादेहून कागदांचे गठ्ठे आले, साहेब आले, शिपाई आले, टेबलं तेवढी यायची होती. आमचे हे, शरणप्पा, पशुसंवर्धन खात्यात कारकून. ऑफिस म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. गठ्ठ्यावरच बसायचं आणि गठ्ठ्यावरच लिहायचं. आम्ही रोज वाट बघतोय, आज खुर्च्या येतील, उद्या खुर्च्या येतील... आणि एक दिवस वरून आलं काय? शेतकऱ्यांना दाखवायच्या जातिवंत पांढऱ्याशुभ्र कोंबड्या. दोन. पिंजरा मागाहून पाठवतो म्हणाले! साहेबांनी विचारलं, दोन दिवस घरी कोण नेतो? तर सगळं ऑफिस एका सुरात आमच्या ह्यांच्याकडं बघून म्हणालं, न्या शरणप्पा, तुमच्या घरी कोंबडीच्या जिवाला काय धोका?

आता ह्याला उत्तर आहे का तुमच्याकडं? ह्यांनी दोन्ही बगलेत धरून आणल्या. दोन दिवसांचे पाच महिने झाले.

सासूबाईंचं तर विचारूच नका. शांतम्मा त्यांचं नाव, पण नावात काय असतं! कोंबडीला हात लागला की अंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ यायचं नाही, असा त्यांचा हुकूम. आता दुष्काळात नळाला पाणी आठव्या दिवशी, टँकर आला तर आला, प्यायलाच दोन घागरी पुरवायच्या, तर अंघोळ कुठून आणू? मी दारात उभी, हाताला कोंडा, आत भाकरी जळतेय, आणि आत्या, म्हणजे सासूबाईच, घागरीकडं बघतायत नि माझ्याकडं बघतायत. शेवटी त्यांनीच तोड काढली, कोंबडीला शिवलं की कपाळाला विभूती लावायची आणि आत यायचं. दिवसातून दहा वेळा! मंडईत बायका म्हणायच्या, काय भक्ती आहे हो सूनबाईंची.

नावं अंबीनं ठेवली. त्या दिवसांत घरात दुसरं बोलणंच नव्हतं, कलेक्टर आले, तहसीलदार गेले, कलेक्टर रागावले. मग पोरीनं रागीट कोंबडीला कलेक्टर केलं आणि तिच्या मागं मागं चालणारीला तहसीलदार. आम्हीही तसंच बोलायला लागलो. मी शिकलेली बाई हो, पण एक दिवस दारातून ह्यांना ओरडून सांगितलं, अहो, कलेक्टरला सकाळपासून हिरवं होतंय, औषध घेऊनच या! पुढं टँकरच्या रांगेत चाळीस बायका. दोन दिवस रांगेतली नागुबाई मला विचारत होती, मग आता टँकरवर सही कोण करणार?

कलेक्टर त्या खेपेला उठली, आधी गेली ती तहसीलदार. काही कळायच्या आत, सकाळी डालं उचललं तर पाय ताठ. ह्यांनी पिशवीत घालून ती ऑफिसला नेली आणि अंबी उठल्यावर सांगितलं, तहसीलदाराची बदली झाली, उदगीरला. आणि मी? मी मान डोलावली! पुस्तकात वाचलं होतं मी, मुलांशी खरं बोलावं, अधोरेखित केलं होतं पेनानं. पोरीनं एवढंच विचारलं, की तिच्या जागी कोण येणार?

आणि चौथ्या दिवशी कलेक्टरचं सुरू झालं. आधी पंख पाडून बसली, मग चोच उघडी टाकून श्वास, मग मान... अशी, अशी वळत जायची हो, जणू पाठीमागून कुणी हाक मारतंय. मी पळत शेजारच्या पंचशीलाबाईंकडं. त्या प्राथमिक शाळेत मास्तरीण, माहेर हिमायतनगरकडचं, लहानपण सगळं कोंबड्यांत गेलेलं, आमच्याकडची अंडीही त्यांच्याच घरी जायची. त्यांनी आल्या आल्या एकदा बघितलं आणि पदर नाकाला लावला. "ताई, मानमोडी हाय ही. ह्याच्यातून उठत न्हाई कोंबडी." ऑफिसच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, वर म्हणाले, लस आधी द्यायची असते. आधी! लस आली कधी? पिंजऱ्याबरोबर येणार होती.

आणि हे सगळं बोलणं दाराआडून अंबी ऐकत होती. माझा पदर धरला तिनं. "आई, हिची बदली करू नका ना."

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? दिला शब्द.

मग काय, तीन दिवस मी आणि कलेक्टर! रेडिओवर मुलांच्या जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी सांगतात, तेच केलं, शाईच्या ड्रॉपरनं, थेंब थेंब, आपल्या पिण्याच्या पाण्यातलं, रांगेतल्या बायकांना दिसू नये म्हणून दार लावून. चोरासारखं! गल्लीत लेकरं घोटभर पाण्याला रडतायत आणि मी सरकारी कोंबडीला पाजतेय, ह्याची लाज वाटायची, नाही असं नाही, पण हात थांबत नव्हता. लसूण दिला, हळद दिली, मानेखाली अंबीच्या झबल्याची घडी ठेवली. एकदा मान सरळ झाली. पुरी सरळ! मी आनंदानं ओरडले, तर आत्या आतून म्हणाल्या, जावई उठला का? पण बघायला आल्या हं बाहेर. लांबूनच, पण आल्या.

त्याच दुपारी गेली. माझ्या मांडीवर. ड्रॉपरमधलं पाणी तसंच राहिलं.

अंबी बालवाडीतून यायला तासभर होता. हे घरी आले, बसले, उठले, मग म्हणाले, सांगू या का, की रजेवर गेली?  आणि अंबी आली, दप्तर टाकलं, थेट डाल्याकडं निघाली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अंबी, कलेक्टर मेली. मी बरी करते म्हटलं होतं, मला नाही जमलं ग."

तिनं विचारलं, तहसीलदार? मी म्हटलं, ती पण. बदली नव्हती. तिनं बापाकडं बघितलं, हे भिंतीकडं बघायला लागले. "अज्जासारखी?" मी म्हटलं, हो, अज्जासारखीच. कारण गेल्या साली सासरे गेले तेव्हा ती सगळं बघत उभी होती, आणि आमच्यात गेलेलं माणूस आडवं करत नाहीत, मांडी घालून, बसवून माती देतात. पोरगी म्हणाली, "मग हिला पण बसवायचं."

मी घाबरून आत्यांकडं बघितलं. सासऱ्यांची आणि कोंबडीची बरोबरी! आता घर डोक्यावर घेतात... तर ती बाई उठली, देवळीतली विभूती घेतली आणि ह्यांना म्हणाली, खण की मग, बघत काय राहिलास?

खण म्हणणं सोपं आहे हो! दोन वर्षं थेंब नाही, अंगणाची नुसती फरशी झालेली. पहार मारली की ठण्ण! ठिणगी! कुत्र्यांनी उकरू नये म्हणून खोल पाहिजे, वर आत्या काठावर उभ्या राहून, अजून वीतभर, अजून वीतभर. चारला लागले ते दिवस मावळायला आला, एका कोंबडीपुरता खड्डा! ह्यांच्या हाताला फोड. पंचशीलाबाई येऊन उभ्या राहिल्या, मला वाटलं आता ह्या हसणार, हसायचा हक्कच होता त्यांचा, पण त्यांनी चपला काढल्या. मेलेली कोंबडी बसते का कुठं? कलंडायची, परत बसवायची, परत कलंडायची. शेवटी आत्यांनी, ज्यांनी पाच महिने त्या पाखराला शिवून घेतलं नाही त्या आत्यांनी, स्वतः खाली वाकून मानेला दोन ढेकळं टेकवली आणि विभूती लावली. विभूती लावली हो! आणि मी, बी.ए. झालेली, शिकलेली बाई, हुंदके देऊन रडतेय, हे फुंकर मारतायत हाताला, आणि अंबीच्या डोळ्यात टिपूस नाही.

मला धडकीच भरली. पोरीनं मनात ठेवलंय. आता विचारेल, कुठं गेली, का गेली, तू खोटं का बोललीस... मी वाक्यं जुळवून ठेवली, जीव म्हणजे काय, शिव म्हणजे काय, सगळं, एकदम तयार. तिनं खड्ड्याकडं बघितलं. बापाच्या फोडांकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली, खालून वरपर्यंत बघितलं, दोन्ही हात पसरून माझी रुंदी धरली आणि म्हणाली, "आई, तू तर केवढी आहेस. बाबांनी आत्तापासूनच खणायला लागलं पाहिजे."