इरफानचे हात

बास्केटबॉलच्या ड्राफ्टचा, म्हणजे संघासाठी खेळाडू निवडण्याचा विषय निघालाच आहे, तर ओमानमधल्या सीबचं ऐका. मी अमेरिकेतून शिकून नुकताच परतलो होतो, कच्च्या पोरांतून खेळाडू घडवायला पेटलेलो. निवड चाचणीत इरफान आला. पसरलेले हात उंचीपेक्षा चांगलेच लांब!

"पहिली निवड हाच," मी मापाची टेप धरूनच त्याच्या वडिलांना म्हणालो. "कोणावर गेलाय, दाऊदभाई?"

"माझ्या धाकट्या भावावर," ते अभिमानाने म्हणाले. "असाच ताडमाड, असेच हात. भर जवानीत खेळता खेळता छाती धरून पडला. खलास."

असे हात कधी कधी हृदयाच्या आनुवंशिक आजाराची खूण असतात, हे मी शिकलो होतो.

"निवड नंतर. आधी याचं हृदय तपासून घेऊ," मी टेप गुंडाळली.

इरफान अजून हात पसरूनच उभा होता.

"सर, कमी पडले का?"