गॅस बंद केलास का?

अगं सुमन, निघताना तू सुनेला गॅस बघायला सांगितलंस ना, त्यावरून आमच्या नंदूचं आठवलं. नंदू माझा थोरला, इथे टेक्सासमध्येच, पण समुद्राकडे कामाला. तिथे गॅस थंड करकरून पातळ करतात आणि बोटीत भरून परदेशी पाठवतात. मी त्याच्याकडे असले आणि तो कामाला निघाला, की सवयीने विचारायचे, "गॅस बंद केलास का रे?" नात हसायची. "आजी, बाबाचा जॉबच गॅस चालू ठेवायचा आहे!"

कारखाना नवाकोरा. पहिली बोट धक्क्याला लागली, साहेबलोक कोट घालून फोटोला उभे. आणि त्याच दिवशी नंदू भरदुपारी घरी आला. बुटांसकट स्वयंपाकघरात येऊन बसला.

"काय झालं रे?"

"बोट भरताना पाइपच्या एका जोडातून गॅस गळत होता, आई. थोडाच. पण खाली माणसं होती. मी सगळं थांबवलं. साहेब म्हणाला, एवढ्याशासाठी? घरी जा, उद्या बघू."

उद्या बघू म्हणजे काय, ते मलाही कळलं. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की चंबूगबाळं आवरायचं. सून भिंतीला टेकून उभी. मला तरी दुसरं काय सुचणार? तोंडातून तेच निघालं, "म्हणजे गॅस बंद केलास ना?"

त्याने वर बघितलं. "हो आई. केला."

"मग हात धू. जेवायला बस."