लोखंड? नाही

धाकटी — ताई, ते घड्याळ बाहेर ठेव. आत चुंबकं आहेत.

थोरली — ठाऊक आहे गं. महिनाभर बाबांच्या तोंडी दुसरं काय आहे? "माझी धाकटी धुळीच्या कणाएवढे रोबो चुंबकानं रक्तातून चालवते, औषध थेट गाठीवर नेऊन सोडते!" दूधवाल्यालाही पाठ झालंय.

बाबा — मग? खोटं आहे का?

थोरली — खरंच आहे हो. मी बारा वर्षं लोकांच्या डोळ्यांची ऑपरेशनं करते, ते कुणाला सांगितलंत? स्वतःचा चष्मासुद्धा दुकानातून आणता.

बाबा — तुला कशाला उगाच त्रास...

धाकटी — ताई, आज नको ना. अर्ध्या तासात बाबांना त्यांच्या गाठीच्या उपचाराला आत घ्यायचंय.

थोरली — नाही बोलत. तो फॉर्म बघू. 'शरीरात लोखंड? नाही.' अगं, हे अक्षर तर तुझं!

धाकटी — मीच भरला. स्वतःच्या बापाचं मला माहीत नसेल का?

थोरली — नाही माहीत. तू पाळण्यात होतीस. कारखान्यात यांच्या डोळ्यात लोखंडाचा कीस उडाला. मी हात धरून दवाखान्यात नेलं. एक कण निघाला, दुसरा पापणीत खोल होता. डॉक्टर म्हणाले, राहू द्या.

धाकटी — महिनाभर गप्प बसलीस आणि आज बरं आठवलं!

थोरली — महिनाभर मला कुणी काही विचारलं? मला वाटलं, तुमचं दोघांचं सगळं बोलून झालंय.

धाकटी — सरळ सांग ना, तुझ्या पोटात दुखतंय.

थोरली — दुखतंय! जळते मी तुझ्यावर. तुझ्या त्या यंत्राचा फज्जा उडावा, असंही मनात आलं, घे! पण चुंबक सुरू झालं आणि तो कण हलला, तर यांचा डोळा जाईल. आधी एक्स-रे काढ.

धाकटी — बाबा, खरं का हे?

बाबा — हो गं. तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, तुला सगळं माहीत असतं.

(एक्स-रे होऊन येतो.)

धाकटी — हा ठिपका... ताई, माझ्या हातून आज काय झालं असतं गं!

थोरली — डोळे पूस आधी. चार दिवसांत गाठ काही दुप्पट होत नाही. कण निघाला की घे त्यांना आत.

धाकटी — पण काढणार कोण?

बाबा — कोण म्हणजे? थोरले, तुझ्याकडे नंबर लावावा लागतो का गं?

थोरली — लागतो. उद्या सकाळी नऊला या. आणि एकटेच या.