चार्जरचा हिरवा दिवा

माझी ती गाडी आठवते ना, आत पलंग अन् छोटा फ्रिज बसवलेली? तिनं मला एकदा पार येडं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना घेऊन अमरकंटकला निघायचं होतं. गाडीतली बॅटरी उतरलेली, म्हणून घरातून चार्जर लावला. चार्जरचा हिरवा दिवा मस्त जळून राहिला, पण बॅटरी भरायच्या ऐवजी खालीच जाऊन राहिली! काहून, काही समजेना.

महाराजपूरहून बॅटरीवाला भैया आला. त्यानं फ्यूज बदलला, तारा घासल्या, मग म्हणाला, "भैयाजी, चार्जर गया. नया आने में चार दिन लगेंगे."

म्हणजे अमरकंटक गेलंच. मी डोकं धरून बसलो.

बाबा फॅक्टरीतले जुने इलेक्ट्रिशियन. ते ओट्यावरून म्हणाले, "अबे, समोरचे सगळे बाहेर बसून पुठ्ठ्यानं हवा घेऊन राहिले. मग आपलाच पंखा काहून फिरून राहिला?"

आतून बायको म्हणाली, "लाईन सकाळपासूनच नाही आहे, बाबा. मी गाडीतल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवरून खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड आत ओढला. पंखा, फ्रिज, सगळं त्याच्यावरच चालू आहे."

मी बोर्डाकडे पाहिलं. पंख्याच्या प्लगशेजारी माझ्या चार्जरचा प्लग!

भैयानं गुपचूप पाना पिशवीत टाकला.

"चार्जर चांगला आहे. लाईन आली की लाव, उद्या निघू," बाबा म्हणाले. मग गाडीकडे बघत हसले, "आपलंच दूध पिणारी गाय गावाकडे पाहिली होती मी. गाडी आज पाहिली."