फोटोचा तास

कशेळ्याच्या नाक्यावर जीप अजून भरायची होती. दर्शना मागे बसली होती; पुढच्या बाकावरच्या दोन शिक्षिकांचं बोलणं तिला ऐकू येत होतं. एक निवृत्तीला आलेली, एक तरुण.

"उद्या साहेब विज्ञानाचा तास बघायला येतायत, सुप्रिया. टीव्हीवरचा."

"मग लावा की, बाई."

"एकदा लावला, मधेच बंद पडला. पोरांसमोर परत लावायची भीतीच बसली गं. दोन वर्षं झाकूनच हाय."

"अहो, आठवड्याला ग्रुपवर फोटो टाकता ना?"

"टीव्हीच्या बाजूनं काढते. पोरांची तोंडं दिसतात, पडदा नाय."

"कमाल आहे तुमची! चला, आजच शिकवते. पेनड्राइव्ह लावायचा, बटण दाबायचं."

"आता बटणाची भीती नाय."

"मग?"

"फोटोसाठी पोरांना सवय लावलीय. 'विज्ञान' म्हटलं, की काळ्या पडद्याकडं बघून डोळे मोठे करायचे, टाळ्या वाजवायच्या. लहानगी तर 'अय्या' पण म्हणते."

"बाई!"

"हसू नको गं."

"नाही हसत. उद्या टीव्ही लागेपर्यंत तो शब्द काढूच नका."

"मी कशाला काढतेय? पण साहेब दारातच विचारणार ना, पोरांनो, आज विज्ञानात काय?"

जीप सुटली.